शब्दचर्चा: खेळातली ‘लेव्हल’ म्हणजे पातळी, पायरी की आणखी काही?

धरमपेठकर: ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं घेऊन, फासे टाकून गोष्ट रचत खेळायचा खेळ आम्ही काही जण मराठीतून खेळतो. नियमांचं छोटं टिपण करायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत अडकलो: पात्राची ‘लेव्हल’, म्हणजे अनुभवाने वाढत जाणारं त्याचं बळ. गटातल्या एका पोराने लिहून दिलं, ‘माझ्या जादूगाराची पातळी पाचवर गेली.’ मला तर गोरेवाडा तलावाची बातमी वाटली. शिवाय मराठीत माणूस पातळी गाठतो त्याहून जास्त वेळा सोडतो. दुसरा शब्द आहे का? आणि सोबत क्रियापद कोणतं?

महालकर: काहून डोकं खपवून राहिले भाऊ? ‘लेव्हल’च लिहा, सगळ्यांना समजते.

जुना खेळगडी: पातळीला एवढ्यात मोडीत काढू नका. हल्लीच्या नियमांत लेव्हल वरच जाते, पण जुन्या नियमांत उतरायचीही. व्हॅम्पायरचा एक फटका बसला की दोन लेव्हली गेल्या! त्या हिशेबाने पातळीच चपखल.
बाकी हा घोळ इंग्रजीतही होताच. खेळाच्या जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, याने १९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये तो मांडला आहे. पात्राचं बळ, मंत्राची अवघडता, राक्षसाची ताकद आणि तळघर (डन्जन) किती खोल ते, चारही गोष्टींना एकच शब्द. पहिल्या तिघांना रँक, पॉवर, ऑर्डर म्हणायचा विचार झाला होता, पण ‘लेव्हल’ लोकांच्या तोंडी बसलेला, म्हणून तसाच ठेवला.

धरमपेठकर: हे कामाचं सांगितलंत. आमच्याकडेही नवा खेळाडू नेमका मंत्रापाशी अडतो. फायरबॉल हा तिसऱ्या लेव्हलचा मंत्र, पण जादूगाराला तो मिळतो पाचव्या लेव्हलला. मग ‘मी तिसरीत आलो नं, आता फेकू द्या आग!’ म्हणून भांडण. त्यांनी सोडून दिलेलं काम आपण करू. तळघराला सरळ ‘मजला’. मंत्राला ‘मात्रा’ कसं वाटतं? तिसऱ्या मात्रेचा फायरबॉल म्हणजे इजेचे आठ फासे, तोच चौथ्या मात्रेने टाकला तर नऊ. ‘मात्रा लागू पडली’ हे वर फुकटात.

तंबोरा: मात्रा झकास. पण पात्रासाठी आकडा कशाला? गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देणारी मुलं ‘मध्यमा झाले’, ‘विशारद झाले’ म्हणतात, परीक्षा कितवी ते कोणी सांगत बसत नाही.

जुना खेळगडी: अहो ताई, १९७४च्या मूळ खेळात तसंच होतं! लढवय्या पहिल्या लेव्हलला ‘व्हेटरन’, चौथ्या लेव्हलला ‘हीरो’, आठव्या लेव्हलला ‘सुपरहीरो’, नवव्या लेव्हलला ‘लॉर्ड’. लॉर्ड झाला की गढी बांधायची, पदरी माणसं ठेवायची.

महालकर: मंग आपले नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी काय वाईट आहेत? अन् गढीवाल्याला आपल्या भोसल्यांचा किताब, सेनासाहेबसुभा! भोसल्यांच्या नागपुरात राहून लॉर्ड कोण म्हणते? फक्त जादूगाराला हवालदार करू नका, चौकीतला वाटते.

धरमपेठकर: सेनासाहेबसुभा टिपणात जाणार, तळटीप म्हणून का होईना. पण सगळा हिशेब आकड्यावर चालतो. २०१४च्या नियमांत अनुभवाच्या ३०० गुणांना दुसरी लेव्हल, ९०० ला तिसरी, २७०० ला चौथी, ६५०० ला पाचवी, असं विसाव्या लेव्हलपर्यंत. किताब वीस कुठून आणू? आणि ते लढवय्याला, मांत्रिकाला, चोराला वेगवेगळे हवेत. माझा कल ‘पायरी’कडे आहे.

तंबोरा: ‘आपली पायरी ओळखून वाग’ विसरलात का? त्यात माणसाला कमी लेखणं आहे.

धरमपेठकर: म्हणून तर आवडली. दुसऱ्या पायरीचं पोरगं ड्रॅगनपुढे तलवार उपसून उभं राहिलं, तर ड्रॅगन दुसरं काय म्हणेल?

जुना खेळगडी: हे मान्य. पण ‘अनुभव गुण’ लिहिणार असाल तर ‘कमाई’चा विचार करा. जुन्या नियमांत सोन्याचं एक नाणं सुखरूप बाहेर आणलं की एक गुण. मारामारीपेक्षा त्यातच जास्त मिळायचे. ‘कमाई’त दोन्ही अर्थ येतात.

धरमपेठकर: घेतला. क्रियापदाचं राहिलंच.

महालकर: ‘पायरी चढलो’ म्हणा. ‘पायरी वाढली’ म्हणाल तं जिना लांब झाला असं वाटते.