मदत हवी आहे: रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड 350 बाइकला जुनी साइडकार

मंडळी, इंदूरच्या आसपास साइडकार बसवून देणारा जाणता मिस्त्री कुणाच्या माहितीत आहे का? जुन्या बुलेटवरून उतरवलेली एक साइडकार मिळाली आहे. पत्रा ठीक आहे, पण चाकाचं बेअरिंग खडखडतं आणि क्लॅम्प माझ्या फ्रेमच्या नळीवर सैल बसतात. आईचे गुडघे मागच्या सीटवर चढू देत नाहीत, आणि ओंकारेश्वरला गाडीनेच जायचं हा तिचा हट्ट. (कारला ती 'गाडी' मानत नाही!)

इथला एक मिस्त्री म्हणतो, "फ्रेमला वेल्डिंग मारून देतो, भिया." मला ते साफ नको. थंडरबर्डच्या फ्रेमला इंजिनाखालून जाणारा नळ्यांचा पाळणा नाही, इंजिनच फ्रेमचा भाग आहे, त्यामुळे साइडकारच्या खालच्या दोन जोडांसाठी बोल्टने बसणारी सबफ्रेम (जादा जोडचौकट) लागेल असं वाटतं. कुणी बनवून घेतली आहे का?

दुसरं, साइडकारच्या चाकाचा टो-इन (चाक पुढून किंचित बाइककडे वळवणं) आणि बाइकचा उजवीकडचा कल रिकाम्या साइडकारवर लावायचा की माणूस बसवून? साइडकार डावीकडे असल्याने थ्रॉटल दिला की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक मारला की उजवीकडे, हे माहीत आहे. धास्ती आहे ती ओंकारेश्वरच्या वाटेवरच्या भेरूघाटातल्या डाव्या वळणांची, तिथे साइडकारचं चाक उचललं तर? येताना आई नसेल तेव्हा वाळूची पोती ठेवता का?

आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आरसीत (गाडीच्या नोंदणीपत्रात) बदलाची नोंद कुणी करून घेतली असेल तर कागद कोणते लागले तेही सांगा. विमा त्याशिवाय अडेल.