यकृतातले लाल ठिपके म्हणजे रुजलेल्या पेशीच का?

मृण्मयी_पीएचडी
नमस्कार. उंदराच्या अस्थिमज्जेतल्या एमएससी (मेसेन्कायमल स्टेम सेल, एक प्रकारच्या मूळपेशी) पीकेएच२६ या लाल चमकणाऱ्या रंगाने रंगवून दुसऱ्या उंदरांना शेपटीच्या शिरेतून दिल्या. दोन आठवड्यांनी यकृताच्या क्रायोसेक्शनमध्ये (गोठवून कापलेल्या पातळ कापात) लाल ठिपके भरपूर दिसतायत. काही पेशीएवढे, बरेचसे त्याहून लहान. गाइड म्हणतात, पेशी रुजल्या, फोटो काढा. माझं मन मानत नाही. काय तपासू?

जुना_हिस्टोवाला
मन मानत नाही ते बरोबर आहे. फोटो काढा, पण त्याखाली ‘रुजल्या’ असं लिहू नका.

पीकेएच२६ मेंब्रेनच्या लिपिडमध्ये शिरून बसतो. पेशी मेली तरी तो चमकतच राहतो. मेलेल्या पेशीचे तुकडे कुप्फर पेशी (यकृतातल्या भक्षक पेशी) गिळतात आणि मग त्याच लाल दिसायला लागतात. त्यात शेपटीच्या शिरेतून गेलेल्या एमएससी आधी फुप्फुसात अडकतात आणि बहुतेक तिथेच लवकर मरतात. त्यामुळे दोन आठवड्यांनी यकृतात लाल दिसलं की माझा पहिला संशय कुप्फर पेशींवर.

एफ४/८० ही कुप्फर पेशींची खूण, तिचं स्टेनिंग हिरव्यात करा. हा अँटिजेन पेशीच्या पृष्ठभागावर असतो, म्हणून पेशीचं आवरण भेदणारं ट्रायटॉन हे डिटर्जंट लागतच नाही. लावलंत तर पीकेएचचा रंग धुऊन जाईल. मिथेनॉलचंही तेच.

आणि मारलेल्या पेशींचा कंट्रोल हवाच. त्याच बॅचच्या पेशी रंगवा, गोठवून-वितळवून मारा, तितक्याच टोचा. तिथेही असेच ठिपके दिसले तर निव्वळ लाल रंगावरून काहीच सिद्ध होत नाही. जास्तीच्या उंदरांसाठी एथिक्स कमिटीकडे पुन्हा जावं लागेल. जा. या एका कंट्रोलवाचून मी कुणाचाही असा निष्कर्ष मान्य करत नाही.

कन्फोकल_ताई
काहीच न टोचलेल्या उंदराचं यकृतही त्याच एक्स्पोजरला बघ गं. लिपोफसिन (पेशींत आपोआप साठणारं रंगद्रव्य) जवळजवळ सगळ्या चॅनेलमध्ये चमकतं. तोच ठिपका हिरव्यातही दिसला तर तो सोडून दे. हे एफ४/८० लावायच्या आधी, कोऱ्या सेक्शनवर बघायचं. सुदान ब्लॅक या काळ्या रंगाने ही चमक दबते, पण तो ७० टक्के अल्कोहोलमध्ये असतो, तुझा रंगही ओढून नेईल.

मृण्मयी_पीएचडी
दोघांचेही आभार. दाते नर होते, घेणाऱ्या माद्या. याचा काही उपयोग?

जुना_हिस्टोवाला
मोठा उपयोग! वाय गुणसूत्राचं फिश (चमकत्या प्रोबने गुणसूत्र शोधायची पद्धत) करा. फक्त त्यातल्या प्रोटिएझ आणि उष्णतेपुढे पीकेएच टिकणार नाही, म्हणून आधी लाल फोटो जागेच्या खुणांसह घ्या, मग त्याच सेक्शनवर फिश. लाल ठिपका, आत वायचा सिग्नल असलेलं अख्खं केंद्रक आणि शेजारच्या सेक्शनमध्ये त्या जागी एफ४/८० नाही, एवढं जुळलं तर गाइडना दाखवा.