तूस चिकटत नाही? आधी ते वाळवा

तुम्ही लिहिलंय की पीपीत (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकमध्ये) भाताचं तूस घालून केलेला ट्रे वाकवला की तुटतो आणि तुटलेल्या जागी तुसाचे कण स्वच्छ सुटून येतात. खूण तीच! कण चिकटलेच नव्हते. तुसातल्या सेल्युलोजला पाण्याची ओढ, पीपीला पाण्याचं वावडं, त्यात वरून सिलिका आणि मेणाचा थर.

यावर एकांनी तूस कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवायचा उपाय सुचवलाय. साधारण ५ टक्के द्रावणात मेण आणि हेमिसेल्युलोज (सेल्युलोजसोबतचा दुसरा घटक) निघतं, पृष्ठभाग खडबडीत होतो, हे खरं. पण मग धुवा, सांडपाणी न्यूट्रल करा, पुन्हा वाळवा. वसईच्या छोट्या गाळ्यात हा व्याप झेपत नाही, करून बसलोय.

त्यापेक्षा मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड ग्राफ्ट केलेलं, म्हणजे ते रसायन साखळीला जोडलेलं पीपी २ ते ५ टक्के घाला. अ‍ॅनहायड्राइडचं टोक तुसाच्या हायड्रॉक्सिल (OH) गटाला धरतं, उरलेली साखळी पीपीत गुंतते. वेगळी टाकी नको, काम एक्स्ट्रूडरमध्येच (प्लास्टिक वितळवून बाहेर ढकलणाऱ्या यंत्रात) होतं.

फक्त तूस कोरडं हवं. मागे जुलैत ओव्हनमधून काढलेलं तूस घमेल्यात उघडं ठेवून जेवायला गेलो. आल्यावर चालवलं तर स्ट्रँड (यंत्रातून निघणारी प्लास्टिकची दोरी) चकलीसारखी काटेरी, आतून फेसाळ! मुंबईची दमट हवा अर्ध्या तासात सगळी मेहनत पिऊन टाकते. आता १०५ अंशांवर वाळवलं की थेट हॉपरमध्ये (यंत्रात माल घालायच्या नरसाळ्यात). आणि बॅरल (यंत्राची तापती नळी) २०० अंशांच्या खाली ठेवा, नाहीतर करपल्याचा वास येतोच.

तुमचं तूस किती मेशचं, म्हणजे किती बारीक चाळणीचं आहे?