सन्स ऑफ अनार्की: या गुन्हेगारांवर आपला जीव का जडतो?

घाटवाट:
काल रात्री शेवटचा भाग झाला आणि झोपच नाही लागली. सात सीझन, ९२ भाग, अडीच महिने रोज जेवणं आटपली की एक नाहीतर दोन. खाली शेवटापर्यंतचं सगळं येणार आहे, बघायची असेल तर पुढे वाचू नका.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: कॅलिफोर्नियातलं चार्मिंग नावाचं काल्पनिक गाव, तिथला बाईकवाल्यांचा क्लब, दाखवायला गॅरेज आणि आतून बंदुकांचा धंदा. कर्ट सटरची मालिका, एफएक्स या अमेरिकन वाहिनीवर २००८ ते २०१४ चालली. जॅक्स क्लबचा उपाध्यक्ष, बाप वारलेला, आई जेमाने बापाच्या दोस्ताशीच म्हणजे अध्यक्ष क्लेशी लग्न केलेलं, आणि बापाच्या मरणात त्या दोघांचाच हात. म्हणजे हॅम्लेट, जे आपल्याकडे आगरकरांनी विकारविलसित म्हणून आणलं होतं.

माझं म्हणणं असं की बाईक आणि मारामाऱ्यांसाठी ही कोणी सात सीझन बघत नाही. पहिल्याच भागात जॅक्सला जुन्या सामानात बापाचं लिखाण सापडतं, की व्हिएतनामवरून आल्यावर क्लब कशासाठी काढला आणि त्याचं काय होऊन बसलं. आणि तिकडे दवाखान्यात स्वतःचं पोरगं दिवस भरायच्या आधी जन्मलेलं, काचेच्या पेटीत. बाप काय सांगून गेला आणि मी पोराला काय देणार, यातच तो शेवटपर्यंत अडकतो. मला ते फार आतून लागलं, माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या डायऱ्या मीच उघडल्या होत्या.

पाऊसवेडी:
अजिबात पटलं नाही. बापाचं लिखाण वगैरे ठीक आहे, पण दर भागात तीन माणसं मारून घरी येऊन बाळाला छातीशी धरलं की आपण विरघळायचं, हे गणित मला लबाड वाटतं.

मी जॅक्सच्या बायकोसाठी, तारासाठी बघत होते. डॉक्टर, गाव सोडून गेलेली, परत आली आणि चुकली. सहाव्या सीझनमध्ये ती दोन पोरांना घेऊन बाहेर पडायची धडपड करते आणि तिला मारते कोण तर सासू जेमा, स्वयंपाकघरात, मांस कापायच्या काट्याने. त्याच सीझनच्या सुरुवातीला एक शाळकरी पोरगा वर्गात गोळीबार करतो आणि ती बंदूक फिरत फिरत याच क्लबकडून आलेली असते. मला वाटलं आता तरी हिशेब होईल. पण मेलेल्या एका मुलाचं तरी घर नीट दाखवलंय का? आपण काळजी करत बसतो जॅक्सची, की आता सरकारी वकील त्याला पकडणार का. कॅमेरा ज्याच्या मागे फिरतो त्याचंच दुःख आपल्याला दिसतं.

टपरीवरचा:
ओपीसाठी बघा हो. जॅक्सचा लहानपणापासूनचा दोस्त, क्लबपायी पाच वर्षं तुरुंगात काढून आलेला, त्याची बायको डोना क्लबच्याच माणसाच्या गोळीने चुकून मरते, गोळी त्याच्यासाठी होती. आणि तरी पाचव्या सीझनमध्ये तुरुंगात एकाने मरायचं ठरतं तेव्हा हाच पुढे होतो. मी तो भाग बघून बाहेर येऊन गॅलरीत उभा होतो अर्धा तास. दोस्तीवर इतकं खरं मी टीव्हीवर दुसरीकडे नाही बघितलं.

पाऊसवेडी:
@टपरीवरचा ती दोस्ती नाही हो, दोस्तीने त्याचं सगळं घर खाल्लं.

खाडीपलीकडे:
मी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडजवळ राहते, बारा वर्षं झाली. इथे हेल्स एंजल्स ही गोष्टीतली वस्तू नाही. १९४८ ला याच राज्यात सुरू झालेला बाईकवाल्यांचा खराखुरा क्लब, ओकलंडची शाखा सॉनी बार्जरने वाढवली, आणि तोच बार्जर या मालिकेत छोट्या भूमिकेत आहे. मालिकेत हॅपी नावाच्या पात्राचं काम करणारा डेव्हिड लाब्रावा स्वतः त्या क्लबमध्ये होता, आधी सल्लागार म्हणून आला मग नट झाला. त्यामुळे पाठीवरचा पॅच, प्रॉस्पेक्ट म्हणजे क्लबात उमेदवारी करणाऱ्या पोरांची वेठबिगारी, टेबलाभोवतीचं मतदान, हे सगळं जिवंत वाटतं.

पण १९६९ च्या अल्टामाँटच्या जलशात बंदोबस्ताला हेच लोक होते आणि तिथे मेरेडिथ हंटर हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा भोसकला गेला. मालिका हे टाळत नाही हे मात्र सांगायला हवं. क्लबात काळा माणूस चालत नाही, क्लबातल्याच ज्यूस नावाच्या पोराचा बाप काळा निघतो, आणि ते बाहेर येईल या भीतीने ज्यूस झाडाला फास लावून घ्यायला जातो. जो क्लब स्वतःला भाऊ भाऊ म्हणवतो त्याचं खरं रूप मला तिथे दिसलं.

आणि जेमाबद्दल कोणीच कसं बोललं नाही? टेबलाला तिला खुर्ची नाही, मत नाही, तरी सगळा क्लब तिच्या चुलीवरून चालतो. केटी सागलला २०११ चा गोल्डन ग्लोब मिळाला तो उगाच नाही. तिचा मला राग येतो आणि तिच्यावरून नजरही हटत नाही.

घाटवाट:
@पाऊसवेडी शाळेचं तुमचं म्हणणं मान्य, ते प्रकरण त्यांनी वापरून घेतलं आणि सोडून दिलं, माझ्या हे लक्षात यायला हवं होतं. पण शेवट बघा ना. जॅक्स बापाचं आणि स्वतःचं लिखाण जाळतो, आणि पोरांना सांगायला लावतो की तुमचा बाप गुन्हेगार होता, खुनी होता, त्याचा तिरस्कार करतच मोठे व्हा. मग हात सोडून समोरच्या ट्रकवर गाडी घालतो. याला गुन्हेगारीचं कौतुक कसं म्हणायचं?

पाऊसवेडी:
दोन्ही हात पसरून, क्रूसावर असल्यासारखा. खुनी म्हणून मरायचं होतं तर हुतात्म्यासारखं का दाखवलं?

शिवाय त्याच वेळी दुसऱ्या गाडीत जॅक्सचा पोरगा ऍबेल गाव सोडून चाललाय आणि त्याच्या हातात आजीने दिलेली अंगठी आहे, क्लबची. लिखाण जाळलं खरं, पण अंगठी पोराजवळच राहिली.

घाटवाट:
अंगठी माझ्या नजरेतून सुटलीच होती. आज जेवणं झाल्यावर तेवढा भाग परत लावतो, मग लिहितो.