मदत हवी आहे: आईला सवाईला न्यावं का?

मंडळी, यंदा डिसेंबरात आईला पुण्याला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला, म्हणजे शास्त्रीय संगीताच्या 'सवाई'ला न्यायचा विचार आहे. १९५३ पासूनचा हा महोत्सव तिनं फक्त रेडिओवर ऐकलाय. पण तिचं म्हणणं, यूट्यूबवर गाणं निवांत ऐकू येतं. गर्दी, थंडी आणि शेजारच्याचा मोबाईल कशाला सोसायचा? मला मात्र विलंबित (संथ लयीच्या) ख्यालात गवई समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आला की आख्ख्या मांडवातून निघणारी ती दाद हवी असते. तानपुरे जुळवण्यातला वेळसुद्धा आवडतो (आईला तोच कंटाळवाणा वाटतो!).

तिचे गुडघे दुखतात, म्हणजे भारतीय बैठक बाद. महोत्सव भरतो त्या मुकुंदनगरच्या मैदानावर मागच्या खुर्च्यांवरून गाणं नीट ऐकू येतं का, की स्पीकरचा आवाज कानावर आदळतो? स्वच्छतागृहापर्यंत किती चालावं लागतं? रात्री दहाची मर्यादा तिच्या पथ्यावरच आहे, माझे मात्र उत्तररात्रीचे राग हुकतात. आधी एकाच दिवसाचं तिकीट काढावं म्हणतेय. कोणता वार बरा?

आणि कुणाला आधी मैफल नकोशी वाटून नंतर गोडी लागली असेल, तर कशामुळे तेही सांगा. आईला वाचून दाखवेन.