खापरांवर काय-स्क्वेअर लावला, उत्तर ठणठणीत आलं, तरी हात अडतोय

खापरवाली_बडोदा
एम.ए.च्या प्रबंधासाठी मध्य गुजरातेतल्या एका टेकाडावरची खापरं मोजतेय. दोन खड्डे, थर एकच. पहिल्यात 412 खापरं, पैकी काळी-तांबडी 62. दुसऱ्यात 268, पैकी काळी-तांबडी 71. म्हणजे 15 टक्के आणि 26 टक्के. दोन खड्ड्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, ते तपासायला काय-स्क्वेअर कसोटी लावली. ती 13.5 आली, पी 0.001 च्याही खाली, म्हणजे एवढा फरक नुसत्या योगायोगाने येण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. दुसऱ्या बाजूला वेगळ्या लोकांची घरं असावीत, असं लिहायला बसले होते. पण काल खापरं परत टेबलावर पसरली, तर दुसऱ्या खड्ड्यातली कितीतरी एकाच हातची वाटली. तीच जाडी, मातीत तेच पांढरे कण. काय करू?

रावपुऱ्याची_आजी
बाळ, तुझी आकडेमोड मी कागदावर करून पाहिली, ती बरोबर आहे. घोळ मोजायच्या आधीच झालाय. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी पहिल्या तासाला एकच विचारायचे: तुम्ही मोजताय ते नग एकमेकांपासून सुटे आहेत का? काय-स्क्वेअर हे धरूनच चालतो. एक मडकं फुटून तीस तुकडे झाले, तर ती तीस साक्षी नव्हेत. एकच साक्ष तीस वेळा नोंदवली गेली.

इंग्रज पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीचं उदाहरण बघ. 1899 साली त्याने इजिप्तमधल्या राजवंशपूर्व काळातल्या सुमारे 900 थडग्यांचा क्रम लावला. प्रत्येक थडग्यासाठी एक पट्टी, तिच्यावर त्यातल्या भांड्यांचे प्रकार, आणि सारख्या पट्ट्या जवळजवळ येईपर्यंत हलवत राहायचं. क्रमांक त्याने 30 पासून सुरू केले, पुढे आणखी जुनं काही सापडलं तर जागा हवी म्हणून. त्याचा नग होता अख्खं थडगं, एकदम पुरलेला संच. तुझा नग काय, ते आधी ठरव. मग कसोटी.

खोदकाम_इंदूर
आजींचं अगदी खरं. मी उत्खननांवर खापरं निवडण्याचंच काम करतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो, ताई. काळ्या-तांबड्या भांड्याचा आतला भाग आणि काठाकडचा पट्टा काळा असतो, बाहेरून खालचा भाग तांबडा. त्यामुळे काठाजवळचा तुकडा दोन्हीकडून काळा दिसतो आणि घाईत साध्या काळ्या ढिगात जाऊन पडतो. म्हणजे एकाच भांड्याचे तुकडे दोन रकान्यांत. तो काळा ढीग पुन्हा चाळा.

दुसरं, नुसती संख्या घेऊ नका. वजनही घ्या आणि काठ वेगळे काढा. एककेंद्री वर्तुळांच्या तक्त्यावर काठ धरला की तोंडाचा किती भाग उरलाय ते कळतं. एकावर 20 टक्के, दुसऱ्यावर 15, अशी बेरीज करत गेलात की शंभराला एका भांड्याएवढा काठ झाला. पातळ भांडं जास्त तुकड्यांत फुटतं, हा भेद यात पुष्कळ कमी होतो. आणि दोन्ही खड्ड्यांची माती एकाच जाळीने चाळली होती ना? एकीकडे बारीक चाळण आणि दुसरीकडे हाताने वेचलेलं असेल, तर या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

खापरवाली_बडोदा
चाळण एकच होती, नोंदवहीत आहे. बाकी दोन दिवस जुळवाजुळव केली. आमचे मजूर खापरांना ‘ठीकरां’ म्हणतात. त्यातल्या एका काकांनी दोन तुकडे नुसते कडेला कड लावून बसवून दाखवले, तेव्हा मला खटकन दिसलं. एकाच मटक्याचे 31 तुकडे निघाले, सगळे दुसऱ्या खड्ड्यातले.

ते एक भांडं धरलं की 268 चे 238 उरतात आणि काळी-तांबडी 71 ची 41. म्हणजे 17 टक्के. काय-स्क्वेअर 13.5 वरून 0.54 वर आला. माझी वेगळी वस्ती एका मटक्यात गेली.

काळ्या ढिगात काठाजवळचे तुकडेही आहेतच, खोदकाम_इंदूर म्हणाले तसे. ते अजून जुळवायचे आहेत.

रावपुऱ्याची_आजी
पहिल्या खड्ड्याचीही अशीच जुळवणी कर हं. एकीकडचीच भांडी एकत्र केलीस, तर पारडं पुन्हा कललं. आणि आधीचा 13.5 प्रबंधातून काढू नकोस, दोन्ही तक्ते शेजारीशेजारी छाप. मी परीक्षक असते, तर तेच पान आधी उघडलं असतं.