"गटारं बघा, बायकांचं पोलिस बघतील"

काठावरची
परवा 'तिरकस' यांनी इथे लिहिलं की ग्रामपंचायतींनी महिला सुरक्षेचे ठराव करणं ही निव्वळ नौटंकी. गुन्हा झाला तर पोलिस आहेत, कोर्ट आहे, पंचायतीनं आपलं गटारं आणि दिवाबत्ती बघावी. तिथेच उत्तर द्यायला बसले, पण राग आवरेना, म्हणून हा वेगळा धागा.

दिवाबत्ती म्हणालात ना? मग तीच घ्या. एसटी थांब्यापासून वस्तीपर्यंत अंधार असला की संध्याकाळच्या गाडीनं येणाऱ्या पोरीचं कॉलेज सुटतं. वीजबिल थकून खांबांवरचे दिवे बंद पडतात, तेव्हा बिल भरायचं की वेशीवर कमान बांधायची हे फौजदार ठरवत नाही.

आणि पोलिस येतात ते घडून गेल्यावर. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी कोण असतो? ग्रामसेवक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. ही लग्नं काय भुयारात लागली? मांडव पडतो, वाजंत्री येते, सरपंच अक्षता टाकायला पहिल्या रांगेत. त्याच सर्वेक्षणात देशभरातला आकडा असा, की हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कुणाकडे तरी मदत मागितली ती जेमतेम १४ टक्के जणींनी. बाकीच्यांपर्यंत तुमचे पोलिस पोचणार कसे?

पैसा नाही म्हणू नका. पंचायतीला आपल्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचेच असतात. आमच्याकडे त्यातून शिलाई मशीन वाटतात. मारक्या नवऱ्याला काय टिपा घालायच्या त्यावर?

तिरकस
स्वतंत्र धाग्याचा मान दिल्याबद्दल आभारी आहे. मी ठरावांना नौटंकी म्हणालो, दिव्यांना नाही. २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत, तरी कित्येक ठिकाणी बाई सहीपुरती आणि खुर्चीत पतिराज. असल्यांच्या हाती घरातली मारहाण सोपवायची?

गावातले तंटे गावातच मिटवायची ती सरकारी मोहीम, तंटामुक्ती, आठवते का, २००७ ची? माझ्या मावसबहिणीचं प्रकरण गावच्या समितीपुढे गेलं. समितीनं नवऱ्याला चार शब्द सुनावले, दोघांना चहा पाजला आणि तिला परत सासरी धाडलं. कागदावर 'तंटा मिटला'. दिवाळीनंतर तिचा हात मोडला. तेव्हा उपयोगी पडलं ते पोलिस ठाणं.

काठावरची
ताईंचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण समितीच्या एका शब्दावर ती परत गेली, म्हणजे गावच्या शब्दाला वजन आहे हे तुम्हीच सांगताय. ते वजन नवऱ्याच्या पारड्यात पडलं, हे माझंही दुखणं आहे.

विंडोसीट
शहरातलं उदाहरण देतो. मोडलेला हात आधी दवाखान्यात येतो, ठाण्यात नाही. मुंबई महापालिकेनं 'सेहत' संस्थेबरोबर २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केलं ते याच हिशोबानं. "पाय घसरून पडले" म्हणणाऱ्या बाईला नर्सनं बाजूला घेऊन विचारायचं आणि समुपदेशकाकडे न्यायचं. पुढे इतर पालिका रुग्णालयांतही अशी केंद्रं निघाली. फीत कापण्यासारखं काही नसल्यामुळे नगरसेवकांना त्याचं कौतुक कमी.

कडूनिंब
सगळे फांद्या तोडताय, मुळाला कुणी हात लावत नाही. दारू! आमच्या गावच्या बायकांनी आडव्या बाटलीसाठी, म्हणजे मतदान घेऊन दारूचं दुकान बंद करण्यासाठी, सह्या गोळा केल्या. २५ टक्के महिला मतदारांची मागणी असली की मतदान घ्यावं लागतं. पण दुकान बंद करायला गावातल्या *एकूण* महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. आलेल्यांपैकी नव्हे! ऊसतोडीला गेलेल्या बायका यादीत तशाच. म्हणजे न आलेली प्रत्येक बाई दुकानदाराच्या खात्यात. आमदारसुद्धा असल्या नियमानं निवडून येणार नाही.

सरळमार्गी
बंदी घालून काय दिवे लावले? चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला सरकारनंच उठवली. गडचिरोलीत १९९३ पासून आहे, तिथे जाऊन विचारा मिळते का नाही ते. दुकान गेलं की हातभट्टी येते. आणि हो, मी पितो. बायकोवर आजवर हात उगारलेला नाही.

कडूनिंब
तुमचं प्रमाणपत्र तुमच्या बायकोकडून आलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या आईनं बापाची बाटली लपवली म्हणून जे सोसलं ते मी दाराआडून बघितलंय. मला आकडे शिकवू नका.

सरळमार्गी
मी आकडे दिलेच नव्हते. आता देतो. वरच्याच सर्वेक्षणात, नवरा वारंवार झिंगतो अशा बायकांपैकी ७० टक्के जणींनी मार किंवा लैंगिक हिंसा सोसलीय. अजिबात न पिणाऱ्यांच्या बायकांत २३ टक्के. त्या २३ टक्क्यांच्या घरी कुठली बाटली आडवी करणार आहात?

कडूनिंब
७० वरून गाडी २३ वर किती झोकात वळवलीत! दुकानदारानं वकील म्हणून नेमावं तुम्हाला.

ओसरी
दोघांनी दारूचा वेगळा धागा काढा हो. इथे पंचायतीबद्दल बोलणं चाललं होतं.

कडूनिंब
दुकानाविरुद्ध ठराव ग्रामसभेतच होतो, ओसरीताई. धाग्यातच आहे मी.

दप्तरबंद
मी ग्रामसेवक होतो, आता निवृत्त. काठावरची बाई, तुम्ही सहज लिहिलंत की अधिकारी ग्रामसेवक. लग्न थांबवायला गेलो तर नवरीचा चुलता निघाला उपसरपंच. शाळेचा दाखला मागितला तर म्हणे हरवला. पोलिस पाटील त्याच मांडवात पंगतीला. मी लग्न थांबवलं. त्यानंतर माझ्या प्रत्येक बिलात खोट निघाली, प्रत्येक मासिक सभेत माझी तक्रार झाली, शेवटी बदली. आणि मुलीचं लग्न दुसऱ्या तालुक्यात लावून टाकलं. ज्यांच्या हाती माझं दप्तर, त्यांच्याच घरचं लग्न मी मोडायचं, असा तो कायदा आहे.

काठावरची
दादा, मग तो अधिकार गावाबाहेरच्या माणसाला द्यावा का?

दप्तरबंद
बाहेरच्याला कळायच्या आत हळद लागलेली असते. अधिकार राहू दे. पण ग्रामसेवकाला एकट्याला पुढे करू नका. अंगणवाडी सेविकेला घरोघरची वयं तोंडपाठ असतात. तिच्याकडून खबर, शाळेकडून दाखला, आणि थांबवलेल्या लग्नाची नोंद थेट तालुक्याला. आणि ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती खरोखर घ्या. आमच्याकडे तिचं रजिस्टर घरोघर सह्यांना फिरायचं.

तिरकस
हे ठीक आहे. म्हणजे ठराव नव्हे, रजिस्टर खरं ठेवणं. एवढंच म्हणायचं असतं तर मी गप्प बसलो असतो.

काठावरची
तुम्ही गप्प? असो. ते १० टक्के कुठे गेले, हे माहिती अधिकारात विचारणार आहे. तुमच्या गावचं तुम्ही विचारा.

तिरकस
विचारतो. शिलाई मशीनच निघणार, आत्ताच सांगून ठेवतो.

सरळमार्गी
कडूनिंब, तुम्ही उत्तर दिलं नाहीत. २३ टक्के?